खुराड्यामागचा कोपरा

(पेनसिल्व्हेनियातलं एक खेडं, जुलैची सकाळ. अंगणातली विषवेल, म्हणजे अंगाला लागली की फोड आणणारी पॉयझन आयव्ही, खायला पाच दिवसांपूर्वी सोडलेल्या सहा बकऱ्या परत न्यायला कर्टिस आला आहे. घर अर्लीन स्टोल्ट्झ यांचं, वय अठ्ठ्याहत्तर.)

कर्टिस : आधी तो गाल दाखवा, मग कॉफी.

अर्लीन : गालाला काय झालंय? डास चावला.

कर्टिस : डोळ्यापासून हनुवटीपर्यंत? फोड आलेत मिसेस स्टोल्ट्झ. बाह्या वर करा बघू.

अर्लीन : तू बकऱ्या न्यायला आलायस की माझी झडती घ्यायला?

कर्टिस : इथंच उभं राहून सांगितलं होतं ना मी? बकऱ्यांना विषवेल बाधत नाही, पण तिचं तेल त्यांच्या केसांवर राहतं. आपल्या अंगाला लागलं की संपलं. जाळीच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं होतं.

अर्लीन : दोनदा सांगितलंस. मी बहिरी नाही.

कर्टिस : मग?

अर्लीन : पाणी भरताना लागला असेल हात.

कर्टिस : पाणी बाहेरून नळीनं भरायचं होतं. आणि हात लागला तर हाताला खाज येते. गाल कसा लागला?

अर्लीन : पोलिसात जायला हवं होतंस तू.

कर्टिस : बिस्किट ना? ती तपकिरी बकरी, एका कानाची?

अर्लीन : पहिले दोन दिवस नाही हं शिवले. खुर्ची टाकून लांब बसले. तिसऱ्या दिवशी तीच आली आणि जाळीपाशी उभी राहून बघत बसली. खाणं सोडून.

कर्टिस : जाळीत वीज असते!

अर्लीन : बंद केली. बटण तूच दाखवलंस, अडीअडचणीला म्हणून.

कर्टिस : ही अडचण होती?

अर्लीन : होती.

कर्टिस : ...बरं. भांडी घासायचा साबण आणि गार पाणी, कोपरापर्यंत तीनदा. अंगातले कपडे वेगळे धुवा. गाल डॉक्टरला दाखवा, डोळ्याजवळ आहे. मुलीला कळवलंत का?

अर्लीन : जोनला? ती तिकडं लांब ऑरेगॉनहून काय करणार? आधी म्हणाली, वेलीवर औषध फवार. म्हटलं, कोंबड्या तिथंच टिपतात, त्यांना मारू का? म्हणाली, कोंबड्या देऊन टाक. मग म्हणाली, घरच वीक. फोनवर सगळं पटापट सुचतं तिला.

कर्टिस : तुमचे मिस्टर काय करायचे या वेलीचं, लॉइड?

अर्लीन : हिवाळ्यात पानं गळली की मुळासकट उपटायचा. मोजे, टोपी, सगळा जामानिमा. नुसता अंतराळवीर! आणि इतकं करून एका वर्षी वाळक्या वेली शेकोटीत टाकल्यान्. वाळल्या म्हणजे मेल्या, असं वाटलं त्याला. धूर छातीत गेला, आठ दिवस हॉस्पिटलात होता. तिथंही मलाच विचारत होता, कोंबड्यांना दाणे घातलेस का.

कर्टिस : थांबा जरा. खुराड्यामागं ते दार कसलं आडवं?

अर्लीन : जुनं आहे. परसातल्या शेडचं.

कर्टिस : त्याच्यामागं वेल गुडघाभर उभी आहे! बाकी अंगण साफ, आणि हा कोपरा हिरवागार?

अर्लीन : दिसला नसेल त्यांना.

कर्टिस : बकऱ्यांना? दार लावलं कुणी?

अर्लीन : वाऱ्यानं पडलं असेल.

कर्टिस : वाऱ्यानं खिळेपण ठोकले? चार आहेत.

अर्लीन : पाच. एक वाकला.

कर्टिस : अहो, कोंबड्या या पानांतून फिरणार, तुम्ही त्यांना काखेत उचलणार. का केलंत हे?

अर्लीन : तूच म्हणालास, सगळं फस्त झालं की गाडी घेऊन येतो. म्हटलं, थोडं उरलं तर तुला त्यांना घेऊन परत यावं लागेल. हस आता. म्हातारीला वेड लागलंय म्हण.

कर्टिस : मी हसत नाहीये.

अर्लीन : सकाळी डोळे उघडले की ऐकू यायचं रे. कुणीतरी खातंय अंगणात. लॉइडला जाऊन दोन वर्षं झाली. कोंबड्या बोलतात, पण त्या आपसात. ही बिस्किट येऊन टेकली ना, अख्खा भार टाकून, तेव्हा मला तुझं तेलबिल सगळं आठवत होतं. तरी गाल लावला. इतक्या दिवसांत कुणी टेकलंच नव्हतं मला.

कर्टिस : मी कागद दिला होता. वाचलात?

अर्लीन : फ्रिजवर लावलाय. पहिली ओळ, ‘बकऱ्यांना हात लावू नका.’ पुढं वाचवलं नाही.

कर्टिस : तिसरी ओळ वाचायची होती. एकदा खाऊन विषवेल मरत नाही. मुळं जिवंत राहतात, पुन्हा पानं फुटतात. पुन्हा बकऱ्या सोडायच्या, मुळं थकेपर्यंत. सप्टेंबरात यायचंच आहे मला. मग मेमध्ये. तुमच्या या वेलीला तीन वर्षं तरी लागतील.

अर्लीन : तीन वर्षं?

कर्टिस : कमीत कमी.

अर्लीन : म्हणजे ते खिळे मी उगाच ठोकले.

कर्टिस : उगाच. दार मी काढतो, तो कोपरा आज खाऊ दे त्यांना. संध्याकाळी नेतो. पण आज लांबूनच बघायचं. शप्पथ घ्या.

अर्लीन : घेतली.

कर्टिस : सप्टेंबरात बिस्किटला आंघोळ घालून आणीन. वेलीला तोंड लावण्याआधी ती कोरी असते, अंगावर तेल नसतं. आधी तिला तुमच्यापाशी सोडतो, मग जाळीत.

अर्लीन : किती वेळ?

कर्टिस : माझी कॉफी पिऊन होईपर्यंत.

अर्लीन : मी मोठा कप काढून ठेवते.