स्टिकर लावू कुठे?

...अहो पण लावू कुठे? नाही, तुम्हीच सांगा, लावू कुठे? एकतीस वर्षं झाली मला अनुदान मंडळात, भांडार तपासनीस म्हणून, आणि माझं काम काय, तर सरकारी पैशातून संशोधनाची जी काही वस्तू झाली असेल तिथे जायचं, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, तिला नंबरचा स्टिकर लावायचा, सही ठोकायची आणि चहा दिला तर पिऊन परत यायचं. संपलं! दुर्बिणीला लावलेत, भट्टीला लावलेत, एकदा तर बकरीला लावलाय. हो, बकरीला! तिच्यावर संशोधन चाललं होतं. कानाला लावला, तर तो शेजारच्या बकरीने खाल्ला, तेव्हा मी पंचनामा करून शेजारचीला लावला. म्हणजे अडलो नाही कधी!

आणि असा मी, तुम्हाला सांगतो, एका साध्या खोलीत जाऊन अडकलो.

प्रकल्पाचं नाव, 'सॉफ्टवेअर तयार करण्याची साधने व पद्धती'. तीन वर्षं झालेली, मुदत वाढवायची की बंद करायचं हे माझ्या रिपोर्टवर. त्यात रकाना नऊ, 'प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू व तिचा स्टिकर क्रमांक'. नववा रकाना रिकामा, की प्रकल्प बंद, खोलीला कुलूप, माणसं घरी! आमचे साहेब नाकातून बोलतात, निघताना म्हणाले, 'हे बघा, पाचपर्यंत रिपोर्ट पाहिजे. वस्तू दिसली तर लिहा, नाही दिसली तर नाही लिहा. निबंध नको.' बॅगेत बघतो तर एकच स्टिकर उरलेला, नंबर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. म्हटलं, वस्तूही एकच असणार, झालं काम. नवी गुंडाळी उद्या छापू.

खोलीत गेलो. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर, तेही संस्थेचे, आधीच स्टिकर लागलेले, दोन तर मीच लावलेले. भिंतीवर एक पांढरा फळा, त्यावर बाण, चौकोन, आणि कोपऱ्यात 'पुसल्यास याद राखा'. खिडकीत एक जुनी विजेची किटली. बस! प्रमुख म्हणजे एक बाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, केसात पेन्सिल खोचलेली, दुसरी पेन्सिल शोधतायत. आणि त्यांची एक सहायक, ती इतकी भरभर बोलायची की मी मनात तिचं नावच एक्सप्रेस ठेवलं.

म्हटलं, 'बाई, वस्तू दाखवा.'

'ही काय,' म्हणाल्या, आणि पडद्यावर अक्षरंच अक्षरं!

'ही अक्षरं झाली. वस्तू?'

'अहो, हा एक प्रोग्रॅम आहे. तो दुसऱ्यांचे प्रोग्रॅम वाचतो आणि ते पुढे कुठे धडपडणार ते आधीच सांगतो.'

म्हणजे आमच्या हिच्यासारखं! मी तोंड उघडायच्या आत ही सांगते, 'आता तुम्ही चुकीचं बोलणार आहात.' आणि बरोबर असतं हो तिचं! पण मंडळी, हिलाही मी आजवर स्टिकर लावलेला नाही. मग याला लावू कुठे?

विचारलं, 'वापरतं कोण?' तर एक्सप्रेस सुटली, 'हॉस्पिटलवाले वापरतात पाणीपुरवठ्यावाले वापरतात लिफ्टवाले वापरतात कुणीही घ्यावं फुकट आहे!' म्हटलं, पावत्या? नाहीत. आभाराची पत्रं? बाई हसल्या. 'चाललं तर कोण पत्र लिहितं? तुम्ही लिफ्टमधून उतरल्यावर लिहिता का, की आज मी मधे अडकलो नाही, आभारी आहे?'

नाही लिहीत! एकतीस वर्षं लिफ्टने जातोय, एक ओळ लिहिली नाही! मला एकदम चोरट्यासारखंच झालं.

'मग एखादी कंपनी का नाही करत हे?' तर म्हणाल्या, 'सगळ्यांच्या उपयोगाचं आणि कुणाच्याच मालकीचं नाही, त्यात कंपनीला काय मिळणार? म्हणून तर तुमच्या मंडळाकडे आलो.' आणि हे त्या रडून नाही हो सांगत, पेन्सिल शोधत शोधत सांगतायत! तीन वर्षं ही माणसं लोकांच्या चुका निस्तरतायत, तेही चुका व्हायच्या आधी, आणि नाव कुठे? कुठेच नाही. मला मनापासून कौतुक वाटलं. पण कौतुकाचा रकाना नाही ना आमच्या फॉर्मात! चार वाजले.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, 'तुमच्याकडे आहे का एखादा प्रोग्रॅम? चालवूनच दाखवते.'

आहे का म्हणजे? माझ्या लॅपटॉपवर स्टिकरची अख्खी यादी ज्यावर चालते तो प्रोग्रॅम, आमच्या जावईबापूंनी लिहिलेला! एक नंबर माणूस. गेली सात वर्षं एक तक्रार नाही. मी ऐटीत दिला. त्यांनी एक बटण दाबलं... आणि मंडळी, मोजून अकरा सेकंदांत पडद्यावर एक लाल ओळ.

एक्सप्रेस वाकली. वाचलं. आणि पहिल्यांदा सावकाश बोलली. 'काका... नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर तुमचा नंबर पुन्हा एकपासून सुरू होतो.'

'होऊ दे की!'

'आणि तो एक नंबर नव्या वस्तूला दिला, की जुनी एक नंबरची वस्तू यादीतून रद्द होते.'

आता रद्द म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे! रद्द झालं की देखभाल बंद, आणि शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो दारात. यादीत एक नंबर कुणाचा? साहेबांची खुर्ची! तिथपर्यंत मला, खोटं कशाला बोलू, जरा गंमतच वाटली. दोन नंबर, कपाट. जाऊ दे. आणि तीन नंबर...

तीन नंबर मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लावलाय. लहान मुलांच्या हॉस्पिटलात, श्वासाचं मशीन. मंडळाच्या पैशातून तयार झालेलं पहिलंवहिलं. नर्सबाई ओरडल्या होत्या, 'वाकडा लावू नका, पोरं बघतात!' अजून चालतं ते, दर महिन्याला मेकॅनिक जातो तेल-पाणी करायला, का जातो, तर यादीत नाव आहे म्हणून. आणि उद्या सकाळी मी स्वतः, या हातांनी, नवी गुंडाळी छापणार होतो!

मी खाली बसलो. बाईंनी किटलीतला चहा पुढे केला, म्हणाल्या, 'जावयांवर रागावू नका. असली चूक सगळ्यांच्या हातून होते, माझ्याही. म्हणून तर हे काम.' आणि एक्सप्रेसने दोन ओळी बदलल्या. दोन! झालं. मशीन वाचलं, मेकॅनिक वाचला, जावईबापू वाचले.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. 'साहेब, फार मोठं काम झालं! तुमची खुर्ची गेली नाही!'

'कुठे गेली नाही?'

'भंगारात!'

'मी खुर्चीवरच बसलोय.'

'तेच म्हणतो ना साहेब, हीच तर या प्रकल्पाची कमाल!'

'तुम्हाला ऊन लागलंय का? वस्तू दिसली का?'

काय सांगू? जे झालं नाही ते दाखवू कसं, आणि त्याला स्टिकर लावू कुठे? पाचला दहा कमी. लॅपटॉपला लावावा तर तो मंडळाचा. फळ्याला लावावा तर एखादा बाण झाकला जाणार, आणि कोपऱ्यात 'याद राखा' आहेच. एक्सप्रेसने टेबल आवरायला घेतलेलं बघून मला राहवेना. मी उठलो आणि शेवटचा स्टिकर लावला... किटलीला. बाई दचकल्या, 'अहो, ती माझ्या आईची आहे!' म्हटलं, 'होती.'

रकाना नऊ, 'किटली, एक नग, चालू.' आणि सोबत तीन पानी पुरवणी जोडली, साहेबांचं 'निबंध नको' गेलं चुलीत, श्वासाचं मशीन, लाल ओळ, लिफ्ट, सगळं लिहिलं. आयुष्यात इतकं जीव तोडून कधी लिहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. मुदतवाढ मंजूर! मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या. मग पुढचं वाचलं. 'प्रकल्पाने तीन वर्षांत एक किटली विकसित केली ही बाब समाधानकारक आहे. पुढील तीन वर्षांत किमान दोन किटल्या अपेक्षित आहेत.'

पुरवणी कुणी उघडलीच नव्हती हो! टाचणीसुद्धा जागची हलली नव्हती.

बाईंना फोन केला. त्या आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, 'काम चालू राहिलं ना? मग झालं.' अशी माणसं! पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय, माझ्या जागी नवा तपासनीस येणार, नियमाने चालणारा, तो जाऊन आधी काय मागणार? म्हणून काल मीच बाजारात गेलो, खिशातले पैसे टाकून दोन किटल्या घेतल्या आणि कडेवर दोन पोरं घ्यावीत तशा घेऊन घरी आलो.

तर दारातच आमची ही. 'आधी सांगा, या ठेवू कुठे?'