शेवटी कोण जेवलं

त्या नेतृत्वाच्या शिबिराचं नावही काढू नका माझ्यासमोर. नगरला आमच्या चर्चमध्येच झालं. पुढच्या रविवारी चर्च कमिटीची निवडणूक, त्यामुळे झाडून सगळे उमेदवार हजर. पुण्याहून आलेल्या वक्त्यांनी सकाळभर एकच गोष्ट मनावर बिंबवली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले; तेव्हा खरा पुढारी आधी सगळ्यांना वाढतो आणि स्वतः शेवटी जेवतो.

झालं! जेवणाची सुट्टी झाली आणि एकही उमेदवार ताटाला हात लावेना.

"ब्रदर, तुम्ही घ्या ना आधी."

"छे छे, तुम्ही घ्या. मी अगदी शेवटी."

आम्ही बाकीचे जेवून उठलो, तरी हे पातेल्यांपाशी एकमेकांना आग्रह करत उभेच. अखेर वक्तेच वैतागून म्हणाले, "सगळे एकदमच बसा." तेव्हा कुठं बसले, आणि बसले ते मटणाच्या पातेल्याचा तळ दिसेपर्यंत उठले नाहीत.

दुपारी त्यातलेच एक माईकवर साक्ष द्यायला आले. हात उंचावून म्हणाले, "आज मी सगळ्यात शेवटी जेवलो, आणि मला प्रभू भेटला." टाळ्यांचा कडकडाट!

मला काही तिथं बसवेना. उठून मागं गेलो, तर पहाटेपासून एकटीनं रांधणारी सुमनमावशी रिकामी पातेली घासत होती.

"मावशी, जेवलात का?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "सगळ्यात शेवटी ते जेवले म्हनत्यात ना माईकवर? मंग मी आधीच जेवले आसंन."