पडद्यावरचा लाल ठिपका

— नाही नाही, तुम्ही बोलू नका, साबण तोंडात जाईल. नुसतं ऐका. मी म्हणतो ही लबाडीच आहे. हरवायला माणूस लबाडी करतो, ते मला कळतं — पण जिंकवायला? ऐकलंय कधी? तिघं मिळून मला जिंकवतायत साहेब! माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीसमोर, माझ्याच सतरंजीवर उभे राहून! मान जरा मागे घ्या... हां, अशी. टेका आरामात. घाई नाही ना? मग झालं तर. हे बघा, नवं पातं तुमच्यादेखत मोडून घातलं वस्तऱ्यात, नंतर म्हणू नका जुनं वापरलं म्हणून. हल्ली कोणाचा कोणावर भरवसा राहिला नाही, तुम्हाला तरी का दोष देऊ?

तर काय सांगत होतो — हां, जावयानं तो खेळाचा डबा आणून दिला. टीव्हीला जोडायचा, हातात एवढासा रिमोट घ्यायचा आणि हात फिरवायचा, की पडद्यावरचा आपला माणूस तसाच हात फिरवतो. टेनिस आहे, चेंडू घरंगळवून बाटल्या पाडायच्या आहेत, धनुष्यबाण आहे. मी म्हटलं, ही पोरासोरांची कामं, मला काय करायचंय? पण सुट्टीच्या दिवशी दुपारी धाकटा आला — धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, ही पलीकडची रिकामी खुर्ची दिसते ना, ती त्याची — आणि त्याच्यामागून वायरमन आणि कंपाउंडर. आम्ही चौघं एकाच गल्लीत वाढलो. पहिल्याच दिवशी वायरमननं असा काही फटका मारला, की चेंडू राहिला पडद्यात आणि बायकोची फुलदाणी आली खाली. बायको आतून ओरडली, "अहो, घोडे नाचवताय की काय?" हसून हसून पोट दुखलं हो. तेव्हापासून दर सुट्टीला आमचा अड्डा. काय सांगू तुम्हाला, आठवडाभर मी त्या दुपारची वाट बघायचो. बघायचो म्हणजे — अजून बघतो. पण ती मजा गेली.

थांबा, हा गाल वाळला. पुन्हा एक हात फिरवतो. साबण मुरला पाहिजे, तरच केस मऊ होतात.

टेनिस चालू होतं तोवर सगळं छान होतं. मग कोणीतरी ते धनुष्यबाण काढलं. त्यात काय करायचं, रिमोट समोर धरायचा, पडद्यावर लाल ठिपका उमटतो, तो ठिपका चकतीच्या मधोमध आणून बटण सोडायचं. बास! म्हटलं, हे तर आपल्या घरचं काम. ज्यानं उभा जन्म वस्तरा धरला, त्याला एक ठिपका धरता येणार नाही? मी ऐटीत पुढे झालो, रिमोट धरला — आणि तो ठिपका साहेब, तव्यावर मुंगी पडावी तसा! इकडून तिकडे, तिकडून इकडे, एका जागी थांबेल तर शप्पथ. बाण गेला कुंपणात. मी म्हटलं, रिमोट खराब आहे. म्हटलं आणि मागे वळून बघितलं, तर तिघंही गप्प. एकमेकांची तोंडं बघतायत. एरवी माझा एक फटका चुकला की घर डोक्यावर घेणारी माणसं! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वायरमनला म्हटलं, खोल तो रिमोट. त्यानं खोलला, सेल बदलले, पुसलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "दादा, आत सगळं ठीक आहे." खाली मान घालून म्हणाला. आता तुम्हीच सांगा, सगळं ठीक असेल तर माणूस मान खाली का घालेल? डोळ्याला डोळा भिडवून सांगेल ना! आणि त्या दिवसापासून बघा, मी जिंकायलाच लागलो. माझा बाण कुंपणात, तर यांचा ढगात. माझा झाडात, तर यांचा त्याच्याही पलीकडे. कंपाउंडर! अहो, ज्याच्या हाताला लहान मुलांच्या शिरा झटक्यात सापडतात, तो कंपाउंडर परातीएवढ्या चकतीला चुकतो? आणि वर माझ्या पाठीवर थाप मारतो, "दादा, तुझ्यासारखा नेम नाही बुवा." मला काय दूधखुळा समजलाय?

हं? का म्हणून करतील? तेच तर! मीही तोच विचार करत बसलो आणि मग एकेक धागा हाती लागत गेला. या दुकानाचा सवाल आहे साहेब. दुकान वडिलांचं, पाटीवर नाव दोघांचं, पण गिऱ्हाईक यायचं ते माझ्या हातासाठी. नवरदेव यायचे, साहेब लोक यायचे. "दाढी दादांच्याच हातची," म्हणून धाकट्याची खुर्ची रिकामी असली तरी बाकावर थांबून राहायचे. आणि आता? आता धाकटा काय म्हणतो? "दादा, दाढी मी करतो, तू कटिंग घे." गोड बोलून म्हणतो. कटिंगला मशीन चालतं, मशीन कोणीही चालवेल! मला मशीनवर बसवायचं आणि वस्तरा आपण घ्यायचा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

निमित्त काय केलं त्यानं, तर ते हेडमास्तर. हेडमास्तर हलले हो! ऐन हनुवटीखाली वस्तरा असताना हलले, आणि लागलं. जरासंच. म्हणजे टॉवेल बदलावा लागला, पण जरासंच. मी म्हटलं, "सर, तुम्ही हललात." भला माणूस, आजवर कधी उलटून बोलला नाही. पण पुन्हा आले ते धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फार लागलं मला ते. रडू आलं असतं, पण गिऱ्हाईक होतं समोर. आणि त्यांच्यानंतर ते सोनार हलले. हल्ली लोकांना दोन मिनिटं स्थिर बसवत नाही, त्याला मी काय करू?

तुमचं बरं आहे, तुम्ही शांत बसलात. नवीन आहात ना गावात? वाटलंच. नाहीतर... नाही, काही नाही.

आणि कंपाउंडरचं ऐका. मला एकदा गाठून विचारतो, "काय रे, हल्ली तुला वास येतो का?" म्हटलं, कसला वास? तर म्हणे कसलाही, साबणाचा, चहाचा. आता हा काय प्रश्न झाला? दुसऱ्यांदा म्हणतो, "चालताना तुझा उजवा हात हलत नाही." अरे वा! रिमोट धरला की हात हलतो म्हणून गप्प होतात, आणि चालताना हलत नाही म्हणून बोलता? हलला तरी पंचाईत, नाही हलला तरी पंचाईत! म्हणतो, "आमच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या, सहज." सहज! डॉक्टरनं एकदा काही लिहून दिलं, की धाकट्याचं काम झालं. दादा घरी, दुकान याचं. पाणी कुठे मुरतंय ते मला दिसतंय.

बायकोसुद्धा सामील आहे. खोटं वाटतं? हल्ली मला चहा अर्धा कप देते. अर्धा! बाकी सगळ्यांना काठोकाठ आणि घरधन्याला अर्धा. एकदा म्हटलं, "काय गं, दूध महागलं का?" तर म्हणाली, "पुन्हा देते ना, संपवा आधी." आणि पुन्हा दिला तोही अर्धाच. परवा बघितलं, ओट्याजवळ उभी राहून धाकट्याशी कुजबुजत होती. मी आत गेलो तशी पदरानं डोळे पुसून म्हणते, "कांदा चिरत होते." ओट्यावर कांदा नव्हता साहेब. मी नीट बघितलं, कांदा नव्हता.

जरा साबण... हो, माहितीये, मघाशीही लावला. तुमची दाढी राठ आहे. माझ्या पद्धतीनं करू द्या.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. सापळा लावला! रिमोट दोन, दोन्हींना मनगटात अडकवायचे पट्टे. लाल पट्ट्याचा माझा, तो थरथरणारा — निळ्या पट्ट्याचा धाकट्याचा, तो चांगला. बायकोची नखांना लावायच्या रंगाची बाटली घेतली आणि धाकट्याच्या रिमोटच्या आत, सेल बसतात तिथं, बारीक टिंब दिलं. कोणाला दिसणार नाही असं. आणि सगळे चहाला आत गेले तेव्हा पट्ट्यांची अदलाबदल. म्हणजे कळलं ना? पट्टा लाल, पण रिमोट धाकट्याचा. आता चांगला रिमोट माझ्या हातात येणार, ठिपका खांबासारखा उभा राहणार आणि यांचं पितळ उघडं पडणार!

खेळायला उभे राहिलो. धाकट्यानं निळा पट्टा घेतला, म्हणजे माझा तो खराब रिमोट — आणि त्याचा ठिपका स्थिर! जागचा हलला नाही. मी लाल घेतला. आणि माझा... तीच मुंगी. मी म्हटलं, यांनी ओळखलं! यांनी पट्टे परत फिरवले! खेळ अर्धा टाकला, रिमोट घेऊन न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि मागचं झाकण उघडलं.

टिंब होतं.

म्हणजे... रिमोट धाकट्याचाच होता. चांगला. माझ्या हातात चांगला रिमोट होता. म्हणजे यांनी — वायरमननं दोन्ही रिमोटमध्ये काहीतरी करून ठेवलंय. असंच असणार. माणूस बघून बिघडणारा रिमोट. येतं हो त्याला, वायरमन आहे तो... असं का बघताय?

बाहेर धाकटा दारावर टकटक करत होता. "दादा, बरं वाटतंय ना? दादा, दार उघड." आवाज रडका. मी म्हटलं, नाटकं करतो. लहानपणी याला मीच खांद्यावर बसवून शाळेत सोडायचो, आणि आता हा मला...

जाऊ द्या. बोलण्याच्या नादात दाढी राहूनच गेली. धाकटा ब्रश, पावडर आणायला बाजारात गेलाय. जाताना बजावून गेला, "दाढीचं गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेव, मी आलोच." मला सांगतो! मला! मी म्हटलं, जा तू. आज बऱ्याच दिवसांनी दाढीला कोणी सापडलंय. अशी तुळतुळीत करतो की लक्षात ठेवाल. चला. हनुवटी वर. गळ्यापासून घेऊ. श्वास सोडा.

हलू नका.

अहो, हलू नका म्हटलं ना. वस्तरा जवळ आणला की तुम्ही — नाही? मग हे काय? थांबा. मला आरशात बघू द्या. तुम्ही बसा तसेच.

...

तुम्ही हलत नाही आहात.

नाही, उठू नका. घाबरू नका, मी ठेवला. हा बघा, मिटून ठेवला वस्तरा. तुम्हाला लागलं नाही ना कुठे? बघू. नाही लागलं. ओला टॉवेल देतो, गालावर धरून बसा, म्हणजे साबण वाळायचा नाही. नाही हो, काही झालं नाही मला. बसा शांत.

धाकटा येईलच एवढ्यात. इथे दाढी तो करतो.