व्यंकटरावाचा जवळचा रस्ता

मुलगी बघायला नकाशा घेऊन गेलेला माणूस पाहिलाय कधी? आमचा व्यंकटराव गेला, आणि नकाशा मी काढलेला!

मद्रासला आम्ही दोघे नकाशांच्या कचेरीत होतो. रस्ता, वाळू, दलदल; पाऊल जिथं जास्त रेंगाळेल तिथं गडद रंग द्यायचा, हे आमचं काम. व्यंकटराव तंजावरकडचा मराठी.

"राहुकाळाची अशुभ वेळ लागायच्या आत मैलापूरला पोचायला हवं," तो म्हणाला. "नाहीतर स्थळ हातचं गेलं."

मी समुद्राकडची वाळू टाळली, देवळापुढची गर्दी टाळली आणि एक फिकट, मोकळी गल्ली आखून दिली; सोबतीला मीही निघालो. गल्लीच्या तोंडाशीच त्याची आत्या उभी. "जरीचं उपरणं घालून कुठं रे? काफी घेतल्यावाचून जायचं नाही!" पुढच्या दारात मामी, त्यापुढे चुलते. प्रत्येक घरी काफी आणि तेच प्रश्न.

पोचलो तर राहुकाळ लागलेला! मुलीचे वडील म्हणाले, "आता बघणं नाही. संपेपर्यंत ओसरीवर बसा."

मुलगी तिथंच फुलं गुंफत होती. बघणं सुरूच नव्हतं, मग लाजायचं कशाला? दोघं हसत-बोलत बसली. राहुकाळ संपला तसे वडील म्हणाले, "आता दाखवू मुलगी?"

"नको," व्यंकटराव म्हणाला, "आता मुहूर्तच काढा."

दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीवर गडद रंग चढवला. साहेब खेकसले, "मैलापुरात दलदल कुठून आली?"

व्यंकटराव उठून उभा राहिला. "साहेब, तिथं माझी आत्या राहते."