परतीचे मैल

मंडी मोहल्ल्याच्या थांब्यावर हिनकलच्या बसची वाट बघताना मृण्मयीच्या कानावर मराठी पडलं. नाशिक सोडून या कानडी शहरात आल्यापासून असं रस्त्यात पहिल्यांदाच. मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या जोडप्याचं जुंपलं होतं. तिने कानातलं गाणं बंद केलं.

"अय्यो, शेजारच्या सुदीपच्या कार्डावर पैसे परत येतात. तुमच्यावर काय येतं?"

"त्याचं कॅशबॅकचं, अंबा. शंभराला एक रुपया. माझ्या जुन्या कार्डावर पॉइंट होते, त्याचा मिक्सर आला की."

"दोन आले. घरात माणसंही दोनच."

"म्हणून तर हे मैलांचं घेतलं. जेवढा खर्च, तेवढे विमानाचे मैल."

"इथं आम्हा बायकांना सरकारी बस फुकट आहे. मला कशाला विमान?"

"बस दुबईला जाते काय? तिथं आपल्या लेकीचं, भाग्याचं बाळंतपण कोण करणार?"

"म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या लग्नाच्या साड्या तुम्ही कार्डावर घेत होता?"

"त्यांनी मला रोख दिली, मैल आपले झाले. काल त्या मैलांवर तुझं तिकीट काढलं."

"आणि तुमचं?"

"एकाचेच जमले."

"जाऊन-येऊन?"

"नुसतं जायचं. परतीचे मी इथं जमवतो की. तू जा, मी खर्च करतो."

बस आली. म्हातारीने पिशवी उचलली.

"सावकाश करा. बाळ बसायला लागेपर्यंत गल्लीत कुणाच्याही लग्नाला ते कार्ड बाहेर काढायचं नाही."