अंधारातल्या पानांचा पाहुणचार

सून : बाबा, खरं सांगा. अंधारखोलीतल्या पानांच्या नळ्यांना कोणी हात लावला?

सासरे : हात नाही, चमचा लावला.

सून : चमचा!

सासरे : काल मीटिंगला जाताना तूच म्हणालीस, सातूच्या पानांकडे लक्ष ठेवा. ठेवलं. दिव्याखालची मंडळी तरतरीत. आणि आतली बिचारी काळोखात, नुसत्या पाण्यावर. म्हटलं, सूनबाईच्या राज्यात असा दुजाभाव? चहाची साखर घातली.

सून : अहो, ती उपाशीच राहायला हवी होती! आता यंत्र बघा. त्यांच्यातही पानाने स्वतः बनवलेली साठवणीची साखर दिसतेय.

सासरे : म्हणजे पाहुणचार अंगी लागला.

सून : थट्टा नको. दुपारी माझ्या गाईड मॅडम येणार. आज काही दाखवता आलं नाही, तर माझा विषयच बदलतील त्या.

सासरे : त्यांचं म्हणणं तरी काय?

सून : पानातलं कोठार उजेडामुळे भरतं, असं. माझं म्हणणं, साखरच सांगते. पानात ती तुंबली की तीच हुकूम सोडते : नवी करणं आवरा, आहे ती साठवा.

सासरे : तुझी सासू मला बाजारातून आल्यावर हेच सांगते.

सून : पण तुम्ही दार उघडलंत, उजेड आत गेला. आता काय सिद्ध होणार, कपाळ?

सासरे : उजेड? छे! आत उजेड जाऊ द्यायचा नाही, हा तुझा नियम. पहिलं दार लावून मगच दुसरं उघडलं. चाचपडत घातली. निम्मी बाहीत गेली. मी नियम मोडत नाही.

सून : म्हणजे... मिट्ट काळोख होता?

सासरे : स्वतःचं नाक सापडेना.

(सून पुन्हा यंत्रावरचे आकडे बघते.)

सून : बाबा, म्हणजे उजेडाशिवाय, नुसत्या साखरेनं कोठार भरलं! हाच प्रयोग मॅडम करू देत नव्हत्या! म्हणे, अंधारात पान झोपलेलं, त्याला साखर देऊन काय होणार?

सासरे : रात्री स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्यापाशी त्यांची माझी गाठ पडलेली नाही.

सून : किती घातलीत?

सासरे : मायेने.

सून : माया मोजता येत नाही हो! आज मॅडमना घडलं ते सांगते, आणि मोजूनमापून पुन्हा करायला वेळ मागते.

सासरे : मग अहवालात काय लिहिशील?

सून : "अंधारातल्या पानांना साखर दिली."

सासरे : का दिली, तेही लिहितात?

सून : लिहावं लागतं.

सासरे : मग लिही, बघवेना.