डावा हात मायचा, उजवा हात माझा

माझा जन्म रावेरकडचा, केळीच्या मळ्यांमधला, आणि संसार झाला अमळनेरला. म्हणजे आगगाडीनं भुसावळला जायचं, तिथं गाडी बदलून रावेरला उतरायचं आणि पुढे बैलगाडी, असं माझं माहेर, आणि त्या माहेराला मी आखाजीच्या सणापुरती कायमची मुकणार होते, कशामुळे म्हणाल तर माझ्या कोपरांच्या आतल्या खळग्यांमुळे. हसू नका, अगदी खरं सांगते.

मला लहानपणापासून इसब. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. आधी कातडी कोरडी पडते, मग लाल होते, मग खाज, आणि खाजवलं की पाणी सुटून आणखी खाज, असं ते चक्र. गावात कुणी त्याला खरूज म्हणे, कुणी गजकर्ण. या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत, खरूज आणि गजकर्ण एकाकडून दुसऱ्याला लागतात, इसब लागत नाही, हे मी पुढे नोकरीभर वर्गात सांगत आले, पण तेव्हा मलाच कुठे ठाऊक होतं? असो. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकवलं, मी ट्रेनिंग केलं, अमळनेरच्या मुलींच्या शाळेत लागले आणि तिथंच लग्न झालं. यजमान कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत होते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. कडक, काटकसरी, पण मनाच्या निर्मळ.

आता गंमत अशी, की सासरी माझे हात वर्षभर बरे असायचे, आणि आखाजीला माहेरी गेले की हमखास चिडायचे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती लेकींची दिवाळी. कडुनिंबाला झोके, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. मी त्या आनंदातून परत यायची ती लालभडक कोपरं घेऊन. दर वर्षी तेच. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला, बठ्ठं त्या माहेरना पानीनं करनं शे. पाणीच वाईट! आता पुढच्या आखाजीला पाठवायचं नाही. मी आशेनं यजमानांकडे पाहिलं. यजमान मान खाली घालून भाकरी मोडत राहिले, आईपुढे ते बोलत नसत.

शेजारच्या अक्कांनी वेगळं सांगितलं, पाणी नव्हे, वांगं. वांगं सोड. आता खानदेशात हिवाळ्यात भरीत सोडायचं म्हणजे काय, ते तुम्ही खानदेशी असाल तरच कळेल. घरोघरी वांगी भाजल्याचा वास, आणि मी वरणात भाकरी चुरते आहे. एक हिवाळा तसा काढला, आणि त्याच हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर घातला तर मानेवर इसब उठलं. वांगं नाही, तरी उठलं! तेव्हा मी यजमानांना म्हटलं, मला जळगावला डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टर म्हातारे होते, हळू बोलायचे. म्हणाले, बाई, हे लागत नाही, आणि मुळापासून जाईल असंही मी सांगणार नाही. पण ते चिडतं कशानं, ते ज्याचं त्यानं पाहावं लागतं. एकाला घाम, एकाला लोकर, एकाला साबण. तुम्ही शिक्षिका आहात ना? मग मुलांना प्रयोग शिकवता तसा करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. मलम दिलं, तेही चिडेल तेव्हाच, थोडे दिवस लावायचं. मला इतकं बरं वाटलं! इतकी वर्षं मी घाबरत होते, आणि हा तर चौथीचा विज्ञानाचा धडा निघाला.

मग घरी सुरुवात केली. पहिलं वांगं. पंधरवडाभर भरीत खाल्लं, अगदी मनापासून खाल्लं, काही झालं नाही. निदान माझ्यापुरतं तरी वांगं निर्दोष सुटलं. मग कढत पाण्याची अंघोळ: दोनचार दिवसांत कोपरं कोरडी. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा बरी. मग वासाचा साबण: खाज. आणि एके दिवशी वर्गात पाढे म्हणून घेताना लख्ख कळलं, की आत्याबाईंच्या काटकसरीनंच मला वाचवलं होतं. त्यांच्या घरी सरपण मोजकं म्हणून पाणी कोमट, साबण फक्त कपड्यांना, आणि पातळं जुनी, धुवून धुवून मऊ झालेली. आणि माहेरी? माहेरी माझी माय वर्षभर वाट पाहायची आणि मी आले की बंबातलं कढत पाणी, खास आणलेला गुलाबी साबण, काथ्याची घासणी, आणि वर नवं कोरं नायलॉनचं पातळ, पोलक्यासकट, न धुता, वैशाखातल्या उन्हात! तेव्हा नायलॉनची भारी हौस होती सगळ्यांना. मायेनं कशातच कमी केलं नव्हतं.

आत्याबाईंना म्हटलं, एकदाच पाठवा. त्या म्हणाल्या, जाय. पण हात लाल करीसन आली तर परत नाव काढू नको. मी कबूल केलं.

गेले. माय बंब पेटवून दारातच. मी आधी समजावून सांगितलं, गरम पाणी नको, साबण नको. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, मास्तरीन झाली तं मायलेच शिकोते का वं? माह्या हातचं तुले बाधते? डोळ्यांत पाणी. नाना ओट्यावरून हसत म्हणाले, अवं, पोयाच्या सनाले बैल धुवावा तशी धुते तू तिले! तर ती त्यांच्यावर उसळली, तुम्ही गुमान बसा.

तेव्हा मला सुचलं. म्हटलं, माय, डावा हात तुझा, उजवा हात माझा. डाव्या हाताला तू तुझ्या मनासारखं कर, उजव्याला मी करते. एका वेळी एकच गोष्ट, हा नियम मी इथं मोडत होते, पण तपासणी माझी झालेलीच होती, आता पटवून द्यायचं होतं. मशीनवर पोलकं शिवलं, डावी बाही नायलॉनची, उजवी जुन्या सुती पातळाची. त्या पोलक्यावर झोक्याखाली इतका हशा पिकला म्हणून सांगू! बायका रोज सकाळी हात बघायला यायच्या. एक काकू म्हणाली, मी तं गुलाबी साबनाच्या बाजूनं. उजवा हात मी कोमट पाण्यानं धुवायची, नुसता टिपायची, घासायची नाही, आणि ओलसर असतानाच खोबरेल लावायची. डाव्यावर मायेची घासणी.

डावा चिडला. खळगा लाल, रात्रंदिवस खाज. उजवा आपला मऊ. मायनं दोन्ही हात धरून उजेडात नेले, बराच वेळ पाहिले, आणि तो साबण उचलून नानांच्या पुढ्यात टाकला, घ्या, तुम्हीच लावा. मग स्वतः वाटीत खोबरेल घेऊन बसली, आणि ती बोटं इतकी हलकी, की मला झोपच लागली.

पण माझी काळजी वेगळी होती. निघायचा दिवस आला, मलम लावून लाली उतरली, तरी डाव्या कोपरात खरखर आणि डाग राहिलाच. सगळ्या वाटेनं मी बाही ओढत होते.

आत्याबाईंनी दारातच हात मागितले. उजवा पाहिला. डावा पाहिला. पुन्हा उजवा. हे काय? मी सगळं सांगितलं, अगदी दोन तऱ्हेच्या बाह्यांच्या पोलक्यासकट. त्यांनी दोन्ही हात शेजारी धरले. मग म्हणाल्या, दोन्ही हात एकच पानीमा धुयात ना? म्हटलं, हो, त्याच विहिरीच्या. मंग पानी चांगलं शे, त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, ती दोन बाह्यांची सून डोळ्यांपुढे आली असावी. हसू थांबल्यावर हळूच म्हणाल्या, पुढला सालले मी बी येसु तुन्हा संगे. मन्हं माहेर तर कव्हयच सरनं. त्यांच्या माहेरी कुणीच उरलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्या हे एकदाही बोलल्या नव्हत्या.

आल्या बरं का! मायनं त्यांना लेकीसारखं मधे बसवून मांडे वाढले, आणि संध्याकाळी त्या झोक्यावर बसल्या, दोन्ही हातांनी दोर धरून, आणि मला ओरडून म्हणाल्या, जोरमा दे वं, जोरमा!

आता त्याही नाहीत, मायही नाही. माझं इसब आहे. कधी जास्त घाम आला, कधी मनाला घोर लागला, की डोकं काढतं, मी खोबरेल लावते, सुती नेसते, आणि ते आपलं मुकाट्यानं बसतं. तक्रार नाही. परवा आखाजी. सून शिरपूरला माहेरी निघाली आहे, विचारत होती, आई, किती दिवस राहू? म्हटलं, बाई, तुझ्या आईचं मन भरेपर्यंत राहा, आणि तुझं नाही भरलं तर आणखी राहा.